बाळंतिणीच्या खोलीतली गिटार

अंबरनाथ, शिवमंदिराचा ओटा. पौष, १९५५.

आज चार वाजता गिटारीची पाठ टक्कन तडकली आणि माझं सगळंच बिघडलं. गिटार कमलाची. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातून तिनं विश्वासानं दिलेली. "ठंडी में पेटी में गीला कपडा रखना, नहीं तो लकडी फटेगी," म्हणाली होती. मी रोज ओलं फडकं ठेवायचो. आई रोज काढायची! आज कळलं. आणि पेटी ठेवलेली बाळंतीण वहिनीच्या शेगडीशेजारी!

"बाळंतिणीच्या खोलीत ओल? बाळाला सर्दी झाली असती. कॉलेज सोडून तुणतुणं वाजवणाऱ्यानं मला शिकवू नये," आई म्हणाली.

तुणतुणं! एक ओलं फडकं, तेही विचारून काढता आलं नाही?

कमलाला आजच सांगणार. गिटार उचलली. दार आदळणारच होतो, पण बाळ झोपलं होतं. हळूच लावलं.