मंगळवारी तुमची बोट बघायला

बाबा,

इथूनच पाया पडतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. नेहमीसारखं आईला मोठ्याने वाचून दाखवा.

तुमची जुनी युद्धनौका बघायला जायचं अखेर ठरलं. मंगळवारी सहाची गाडी, अडीच तासांचा प्रवास, मग धक्क्यापर्यंत पायी. डबा घेईन. डेक आणि तोफा दाखवतात म्हणे. बॉयलर रूमचा जिना गंजलाय, म्हणून खाली सोडत नाहीत. जिथे तुमचे कान गेले, ती जागा काही बघायला मिळायची नाही. आईचे गुडघे कसे आहेत? मी वेळेवर जेवतो.

इथून पुढचं मनातल्या मनात वाचा, बाबा. तुमचा आवाज किती चढतो ते तुम्हाला कळत नाही.

कारखान्याने दीड महिन्यापूर्वी घरी बसवलं. मंगळवारी सुट्टी कसली, आता सगळे वार सारखेच. किती ठिकाणी खेटे घातले, दारातूनच परत पाठवतात. त्या बोटीवर गंज खरवडायला माणसं घेतात, असं ऐकलंय. तुम्ही तिथे अकरा वर्षं काढलीत. तुमचं नाव सांगू का? अजून कुणी ओळखेल? मला दुसरं काही सुचत नाही.

आईने विचारलंच, मध्येच गप्प का झालात, तर तोफांचं काहीतरी सांगा.

तुमचा थोरला