आपलीच समजा

३ डिसेंबर
पोचले एकदाची अलेक्झांड्रियाला. खोली समुद्रासमोर, गादी मऊ, खिडकीतून दुपारपर्यंत ऊन. मॅडम इनायतच्या आठवणी लिहून द्यायच्या आहेत. पुस्तकावर नाव अर्थात त्यांचं, मी पडद्यामागे. तीस वर्षं दर रमजानला मॅडम टीव्ही मालिकांतून रडल्या आणि रोजा सोडता सोडता अख्खा देश त्यांच्याबरोबर रडला. डोळ्यांत ग्लिसरीन कधी घातलं नाही म्हणे. पुस्तक झालं की इथेच दोन खोल्या बघायच्या आणि माझ्या मुलीला, रीताजला, तांता शहरातून, आईकडून, घेऊन यायचं. नवऱ्याने सोडल्यापासून पोर आजीकडे आहे. आठ वर्षांची झाली, आता पुरे.

घरात मॅडम आणि उम्म शौकी. शूटिंगला मॅडमचे कपडे हीच सांभाळायची. शौकीची आई म्हणून उम्म शौकी. तळलेली मासळी आणि गरम भाकरी वाढून समोर बसली. "पोरी, चिमणीएवढं काय खातेस, वारा सुटला तर उडून जाशील." मला आवडली बाई.

७ डिसेंबर
चार दिवसांत चार ओळी. प्रसिद्धीचं विचारावं, तर म्हणतात, "होती बाई." हालअपेष्टांचं विचारावं, तर, "झाल्या असतील." आणि उलट मलाच प्रश्न. नवरा कसा होता, मुलगी काय बोलते. अहो, आठवणी तुमच्या लिहायच्या की माझ्या?

आज वैतागून सांगून टाकलं. रीताज झोपाळ्यावरून पडली, हनुवटी फुटली, दोन टाके पडले. रडली नाही. उलट डॉक्टरांनाच विचारलं, तुमच्या बोटाला सुई टोचत नाही ना? मॅडमचे डोळे भरून आले. किती गोड आठवण आहे गं, म्हणाल्या. मी म्हटलं, "आपलीच समजा."

हे काय मनापासून म्हणतं कुणी? कानातल्यांचं कौतुक झालं की आपण ती काढायला हात नेतो, आपलीच समजा म्हणतो. समोरची म्हणते, छे गं, तुलाच शोभतात. संपलं. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घेतली." एवढी मोठी नटी आणि साधी रीत नाही बाईला.

११ डिसेंबर
उम्म शौकीला विचारलं, शौकी काय करतो? ती बशी पुसत होती. "कुठला शौकी?" मी हसले, ती नाही हसली. थोड्या वेळाने म्हणाली, "असेल गं. मॅडमना विचार, त्यांच्या नीट लक्षात असतं."

पुस्तकाने मात्र वेग घेतला. मी रोज माझं काहीबाही सांगते, त्यांनी वाखाणलं की जीभ आपोआप चालते, आणि दुसऱ्या दिवशी त्या घडाघडा बोलतात. आज एक फार छान प्रसंग दिला. एक मुलगी झोपाळ्यावरून पडते आणि डॉक्टरांनाच विचारते, बोटाला सुई टोचत नाही ना? मॅडमना तर मूलबाळ नाही. कुणाची मुलगी ते विचारायला हवं.

१४ डिसेंबर
रोजनिशी मागे चाळली. सात तारखेचं पान. अक्षर माझं. झोपाळा मला आठवत नाही.

आईला फोन केला. ती उखडलीच. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तूच तिला उचलून पळालीस, एक चप्पल रस्त्यात राहिली." चप्पलही आठवत नाही. रीताजचा जन्म आठवत नाही, तिचा पहिला शब्द आठवत नाही. टिपणांत लिहिलंय, हे सगळं मी याच आठवड्यात मॅडमना सांगितलंय.

तडक गेले आणि म्हटलं, माझं मला परत द्या. त्या शांतपणे नखं रंगवत होत्या. "दिलेलं परत मागतात का गं? मी काय हिसकावून घेतलं? तूच म्हणालीस." इतका संताप आला. पण म्हणाले होते मीच.

१६ डिसेंबर
बॅग भरली. हस्तलिखित बॅगेत घातलं, निदान वाचून तरी कळेल. मॅडम दारात आल्या. टेबलावरचा रीताजचा फोटो उचलला. किती गोड मुलगी आहे गं, म्हणाल्या.

मी तोंडावर हात दाबला. त्या थांबून राहिल्या. समोरचा कौतुक करतोय आणि आपण गप्प — लहानपणी यासाठी आईने चिमटे काढलेत — हात तोंडावरून सरकला —

बोलले.

१७ डिसेंबर
बॅग कुणी भरून ठेवलीय? रिकामी केली.

उम्म शौकी सकाळपासून मला उम्म रीताज म्हणतेय. कुठली रीताज?

आईचा फोन. बोलता बोलता रडायला लागली. म्हणाली, तुझं काही खरं नाही, मी उद्याच येते पोरीला घेऊन.

कुठल्या पोरीला —

१८ डिसेंबर
आई आली. बरोबर एक मुलगी. मला मिठी मारली, मम्मा म्हणाली. मी तिचे हात सोडवले. रडली नाही, नुसती बघत राहिली. हनुवटीवर दोन टाक्यांची खूण.

हे मी कुठेतरी वाचलंय.

आई, मुलगी आणि मॅडम दिवाणखान्यात. मी इथे टेबलाशी, दार उघडं, सगळं दिसतंय. सात तारखेचं पान काढलं. झोपाळा. दोन टाके. रीताज. ही माझी आहे. आठवत काहीच नाही, पण अक्षर माझं आहे, म्हणजे ही माझी आहे —

चहा आला. आई खूश. एवढी मोठी नटी शेजारी बसलीय. मॅडमनी मुलीला जवळ ओढलं, केसांवरून हात फिरवला. आईला म्हणतायत, किती गोड नात आहे हो तुमची.

आणि आई — जिने मला बोलायची रीत लावली ती माझी आई — हसून, छातीवर हात ठेवून, तोंड उघडतेय —

आई, नको, आई गप्प