मांडवीची पुळण

आई, परवा मी मांडवीला जाऊन आले. तीच गं, कच्छमधली, जिथे मुलुंडच्या चाळीतल्या आपल्या शेजारच्या कच्छी काकी आपल्याला त्यांच्या माहेरी घेऊन गेल्या होत्या. आता किनाऱ्यावर नुसती जत्रा असते. तेव्हा अख्खं गाव दुपारचं झोपायचं आणि समुद्रावर आपण तिघी नि वारा, बस.

बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं, मी नववीत. परीक्षा झाली की खोली सोडून मालवणला मामाकडे कायमचं जायचं, असं तू ठरवूनच टाकलं होतंस. माझी शाळा, मैत्रिणी, काकींकडचा नवाकोरा रंगीत टीव्ही, सगळ्याची वाट लागणार होती. मी रडून बघितलं, जेवण सोडून बघितलं, तू ढिम्म. "हयसर कोण आसा आपला?" एवढंच म्हणायचीस. शेवटी काकी म्हणाल्या, "जाशील तेव्हा जा, आधी माझा दरिया तर बघ."

आणि बसमध्ये काय धमाल केलीस! भूज सोडल्यावर दोन्ही बाजूंना वाळू लागली मात्र, तू मला गदागदा हलवतेस, "ऊठ गो, पुळण इली! दर्या इलोच आता, पिशवी घे." अगं, आपल्याकडे पुळण संपली की समुद्र, इथे वाळवंट संपता संपेना. तू पिशवी धरून दाराशी उभी ती उभीच. काकी हसून हसून बेजार. शेवटी ते वाळवंट तसंच पुढे जाऊन समुद्रात उतरलं, तेव्हा कुठे तू पिशवीसकट खाली उतरलीस.

काकींचं माहेर जैन, घरात कांदासुद्धा नाही. तू निमूट जेवत होतीस. मग एका सकाळी किनाऱ्यावर मासेवाली दिसली आणि तुझे पाय आपोआप तिकडे वळले. काकींनी नाकाला पदर लावला, "बघ बघ, बघायला पाप थोडंच लागते!" तू टोपलीपुढे बसकण मारलीस. "ह्यो सरंगो केवढ्याक गो? डोळे बघ तेचे, कालचो आसा ह्यो!" घ्यायचं काहीच नाही, तिला तुझं कळत नाही, तुला तिचं, पण हुज्जत अशी की बघत राहावं. वर्षभरात तुझा तो आवाज मी ऐकला नव्हता. मला आनंदानं रडूच फुटलं. मासेवाली हसत काहीतरी विचारते, काकी पदराआडूनच सांगतात, "विचारते, कुठनं आली ही भांडखोर बाई?"

मुंबईत कुणीही विचारलं की तू 'मालवण' म्हणायचीस. त्या दिवशी थांबलीस, माझ्या रडक्या तोंडाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मुलुंड."

घरी आल्यावर खोली सोडायचा विषय तू काढला नाहीस, मी तर नाहीच नाही. मी शिकले, नोकरीला लागले, आणि तू त्याच खोलीतून गेलीस. परवा त्या वाळूत बसल्यावर लख्ख कळलं, तुला मालवणलाच जायचं होतं, राहिलीस ती माझ्यासाठी. तू असतीस तरी हे पत्र मी तुझ्या हातात दिलं नसतं. कारण मला वाईट वाटायला हवं होतं ना? खरं सांगते आई, नाही वाटलं. बरं झालं बाई राहिलीस, एवढंच वाटलं.