भाकरीवर चालणारं घड्याळ

आई, परवा मी घड्याळ घेतलं. ऑटोमॅटिक. त्याला रोज चावी द्यावी लागत नाही, सेलही लागत नाही. हात हलला की आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि तेच चावी भरतं. हे मी तुला समजावून सांगतेय, म्हणजे कमालच झाली. सगळ्या तामलवाडीत तुझ्याएवढी ऑटोमॅटिक घड्याळं कुणी हातात घातली असतील? आणि त्यातलं एकही तुझं नव्हतं.

अप्पांची तुळजापूरच्या स्टँडजवळ घड्याळ दुरुस्तीची टपरी. चावीचं घड्याळ दुरुस्त झालं की ते खिळ्याला टांगून ठेवत आणि चार दिवस वेळ ताडून बघत. पण ऑटोमॅटिकची परीक्षा खिळ्यावर होत नाही. त्याला हलता हात पाहिजे, आणि अप्पांचा हात तर दिवसभर भिंगाखाली एका जागी. म्हणून ते घड्याळ रुमालात बांधून घरी यायचं आणि सकाळी तुझ्या उजव्या मनगटावर चढायचं. पीठ जाऊ नये म्हणून वरून प्लास्टिकची पट्टी. "भाकरीला टिकलं तर फौजदारालाबी टिकंल," असं अप्पा म्हणत. मी चुलीपाशी गणवेशात बसलेय, सोलापूरची एसटी चुकेल म्हणून घाईघाईनं दूध-भाकरी खातेय, आणि तुझा हात काटवटीत थप थप पडतोय. मधेच तू मनगट कानाशी नेतेस. "मास्तराचं आज लंगडतंय जरा," म्हणतेस. रेडिओवर बातम्या लागतात, अप्पा काटा ताडून बघतात, तर खरंच दोन मिनिटं मागं. घड्याळ वाचायला तू पुढं माझ्याकडून शिकलीस, पण घड्याळाची तब्येत तुला आधीपासूनच कळायची. लग्नसराईत काम वाढलं की दोन्ही हातांत दोन घड्याळं.

सोलापूरच्या सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेतला पालकांचा दिवस तुला आठवत असेल. तू इरकली नेसून, डोक्यावर पदर घेऊन आलीस, आणि मनगटावर हे एवढं थोरलं पुरुषी घड्याळ. परीक्षा मधेच मोडायची नाही म्हणून तू ते काढलंच नव्हतंस. माझ्या वर्गात तुळजापूरच्या एका कापड व्यापाऱ्याची मुलगी होती. तिचे वडील तुझ्या हाताकडं बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, हे तर माझ्या घड्याळावानीच दिसतंय की!" तू जराही न गडबडता म्हणालीस, "तुमचंच हाय. अजून चार मिनिटं मागं पडतंय. सोमवारी न्या." सगळे हसले. सिस्टरही तोंडावर हात ठेवून हसल्या. मी येताना एसटीत तुझ्याशेजारी बसले नाही. घरी आल्यावर तू ओरडली नाहीस. चूळ भरलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "त्येंच्या हातावर बंद पडलं हुतं. माझ्या हातावर चालतंय. मग लाज कुणाला वाटाय पाहिजे?"

आता धाराशिवच्या दुकानात मी गेले ती वेळ बघायला घड्याळ पाहिजे म्हणून नाही. वेळ मोबाइलमध्ये असतेच. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, हातातला खडू सुटला, भाकरीला मावशी येतात. मला बघायचं होतं, माझ्या हातावर घड्याळ चालतं का. पेन्शनीत बसतील अशी तीन ऑटोमॅटिक दुकानदारानं काचेवर मांडली. एक नाजूक, खड्याखड्यांचं; त्याचे काटे चष्म्यातूनही दिसेनात. एकाची पाठ काचेची, आतलं वजन फिरताना दिसायचं, पण कानाशी धरून हळूच कलतं केलं तर खुळखुळ्यासारखं वाजलं. तिसरं साधं, पांढऱ्या तबकडीचं, ठळक काळे आकडे, बायकांच्या मनगटाला जरा मोठंच. कलतं केलं तर आतून नुसती मऊ सरसर. मी तेच धरून बसले.

दुकानदार म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझ्या पोरीला शिकवलंय, तुमच्याशी खोटं बोलणार न्हाय. रिटायर माणसाला मी ऑटोमॅटिक देत न्हाय. माणूस बसून राहतंय, घड्याळ बंद पडतंय, मग भांडायला माझ्याकडं येतंय. सेलचं घ्या."

आमचे हे शेजारीच उभे. म्हणाले, "हिचं तोंड लई चालतं. तोंडाला बांधायचं काही हाय का?"

"तुमच्या पोटाला बांधू," मी म्हटलं. "जेवताना इतकं हलतं की जन्मात बंद पडायचं नाही."

शेवटी असं ठरलं की शुक्रवारी न्यायचं आणि सोमवारी यायचं. तोवर एकदाही बंद न पडता चाललं तर घड्याळ माझं. नाहीतर मुकाट्यानं सेलचं.

शनिवारी मी मावशींना सुट्टी दिली. घड्याळ उजव्या हातात बांधलं, वरून दुधाच्या पिशवीची पट्टी. पहिली भाकरी उचलतानाच फाटली. दुसरी तव्यावर पोचली, पण हे म्हणाले, "ही तर तुळजापूर तालुक्याच्या नकाशावानी झालीया." तिसरी मात्र फुगली गं. अशी टम्म फुगली की मी ती कुणालाच दिली नाही, लोणी लावून उभ्या उभ्या स्वतःच खाल्ली. रविवारी खांदा धरला, तेव्हा भातावर भागवलं.

सोमवारी दुकानदारांनी घड्याळ कानाशी धरलं, मोबाइलशी ताडून बघितलं. "कमाल हाय मॅडम. एकदाबी थांबलं न्हाय?" मी म्हटलं, "एकदाही नाही." त्यांनी माझ्या हाताकडं असं बघितलं की मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. आमच्या ह्यांनी तर दुकानातल्या दोन अनोळखी गिऱ्हाइकांनाही ते ऐकवलं.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, तेव्हा तुला खरं सांगायला हरकत नाही. रविवारी दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि डोळा लागला. जागी झाले तर काटा तीन वाजून दहा मिनिटांवर गप्प उभा. हे आतल्या खोलीत घोरत होते. मी घड्याळ काढलं, खुळखुळ्यासारखं दहा वेळा हलवलं, मोबाइल बघून काटे पुढं सरकवले आणि परत हातात घातलं. सोमवारपासून भाकरी रोज मीच थापते, आणि ते चाललंय. पण त्या रविवारी ते थांबलं होतं, आई.