मोटारीचं कपाळ

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

जेऊर, ता. ९ ऑक्टोबर १९३३

चि. चन्नप्पास अक्काचा आशीर्वाद. वि. वि. मी चार बुकं शिकलेली, बोलते तसंच लिहिते. गिरणीच्या हापिसात दाखवून हसू नको.

बाप जाऊन तीन महिने झाले न्हाय, तोवर अप्पांच्या मोटारीवर लोकांचा डोळा पडलाय. करमाळ्याच्या रावजींनी नवी मोटार आणली, पर जेऊर ठेसनावर उतरलेली माणसं अजून आपल्याच जुन्या म्हातारीत बसत्यात. म्हणून त्यांनी अर्ज ठोकला, की ही मोटार अप्पांनी चोरून आणली आणि नंबराची पट्टी काढून टाकली. पंचवीस तारखेला तपासणीचे साहेब करमाळ्याला येणार. मोटार कुटनं आली ते दाखवलं न्हाय, तर परवाना जाईल आणि अप्पा कायमचे चोर ठरतील.

अप्पा सांगायचे, लढाईतली लारी पुण्याच्या लिलावात घेतली आणि वरचा सांगाडा सोलापुरात मायाप्पा सुतारानं बांधला. त्याला गाठ. आपला डायव्हर कुंडलिक म्हणाला, विकून मोकळ्या व्हा. मी त्याला सांगितलं, तू चाक धर, तोंड चालवू नको.

खंडेनवमीची पूजा यंदा मीच केली. अप्पांसारखाच विभूती-कुंकवाचा लेप तेलात कालवून मोटारीच्या कपाळाला, डायव्हरपुढच्या फळीला लावला, जुना न पुसता त्यावरच. कपाळ आता बोटभर जाड झालंय.

वेळेवर जेव. माया हायच, पत्राचं उत्तर तेवढं धाड.
तुझी,
दाक्षायणी अक्का

सोलापूर, ता. १३ ऑक्टोबर

ती. गं. भा. अक्कास चन्नप्पाचे शरणार्थ. पत्र पोचले.

मायाप्पा भेटले. डोळ्यांना आता फार दिसत नाही, पण मी भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ल्याशिवाय बोलायला तयार होईनात. ते मूळचे रथ बांधणारे. आपल्या मोटारीचा सांगाडाही त्यांनी रथासारखाच, एक खिळा न मारता लाकडी खुंट्यांवर जोडला, हे तीनदा ऐकवले. मग ट्रंकेतून लिलावाचा कागद काढला. त्यावर लॉरीची मापे आहेत, म्हणून अप्पा तो त्यांच्याकडे ठेवून गेले होते. इंग्रजीत आहे. १९२२ साल, लष्करी लॉरी, नंबर ४४७१, खाली अप्पांचा अंगठा.

पण अक्का, नुसत्या कागदाने काय होणार? मोटारीवर तो नंबर हवा. नाहीतर रावजी म्हणतील, कागद दुसऱ्याच लॉरीचा. राग मानू नकोस, पण पट्टी अप्पांनी का काढली असेल? त्यांचे सगळे व्यवहार आपल्याला ठाऊक होते का? इथे हापिसातही कुजबुज पोचली आहे. माझे ऐकशील तर मोटार विक आणि सोलापुरात ये.

काळजी करणारा,
चन्नप्पा

जेऊर, ता. १६ ऑक्टोबर

चन्नप्पास आशीर्वाद, आज अर्धाच.

तुझं पत्र वाचून अंगाची आग झाली. रावजी परका, त्याला बोलायला जीभ हाय. तुला काय झालं रे? कुंडलिकानं दोनदा मोटारीखाली लोळून पाहिलं, पट्टी कुटं न्हाय. खोटं कशाला सांगू, घडीभर मलाबी शंका आली. पर पट्टी सापडली न्हाय म्हणून बाप चोर? तुला साळंत घालताना याच मोटारीतनं सोलापुरापर्यंत नेऊन सोडला त्यांनी, तवा तुला लाज वाटली न्हाय ती!

मी विकणार न्हाय. पंचवीसला साहेबापुढं मी उभी राहणार. तू येऊ नको, कागद तेवढा टपालानं धाड.
अक्का

सोलापूर, ता. २० ऑक्टोबर

ती. गं. भा. अक्कास शरणार्थ. चुकलो. आणखी काय लिहू?

कागद रजिस्टर टपालाने सोबत आहे. पुन्हा मायाप्पांकडे गेलो आणि पट्टी कुठे होती, कशी होती ते विचारले. पितळेची, तळहाताएवढी, चालवणाऱ्याच्या समोरच्या फळीवर. अप्पांनी पहिल्या खंडेनवमीला मला उचलून धरले होते, आठवते? पहिला लेप माझ्या हाताने लावला होता, त्याच फळीवर, चकचकीत पितळेवर! अक्का, आपण अकरा वर्षे जे कपाळ पूजत आलो, ती पट्टीच आहे. खरवडून बघ.

रजा मिळत नाही. जीव तिकडेच आहे.
तुझा अपराधी,
चन्नप्पा

जेऊर, ता. २६ ऑक्टोबर

चि. चन्नप्पास पुरा आशीर्वाद.

घरी खरवडलं न्हाय. एक तर हात धजंना, त्या लेपात अप्पांची बोटं हायत की रे. आणि दुसरं, रावजी म्हणाले असते नवी पट्टी ठोकून आणली. म्हणून कपाळ तसंच घेऊन गेले. करमाळ्याच्या मोटार अड्ड्यावर, साहेबापुढं, भर बाजारच्या माणसांत गरम पाणी आणि चिंच घेऊन बसले. अप्पांची क्षमा मागितली आणि घासलं. खपल्या निघाल्या, मी पदरात धरल्या. रडले, ते सगळ्यांनी पाहिलं, पाहू दे.

पितळ उघडं पडलं तसं साहेबानं मला नंबर वाचायला सांगितला. मी म्हटलं, मी न्हाय. ज्यांनी पट्टी न्हाय म्हणून अर्ज केला, त्यांनीच वाचावा. रावजी पुटपुटले. मागची माणसं ओरडली, ऐकू येत न्हाय. मग मोठ्यानं वाचावं लागलं त्यांना, चार चार सात एक. साहेबानं कागदाशी ताडून तितंच परवान्यावर सही केली. रावजी म्हणाले, म्हातारी दोन वर्षंबी टिकायची न्हाय. मी सांगितलं, तुमची नवी वाटंत बंद पडली की हात करा, थांबवीन.

येताना टपावरसुद्धा माणसं होती. कुंडलिक आता सगळ्यांना सांगतोय की मोटार विकू नका असं त्यानंच मला बजावलं होतं.

तुझा संशय मी विसरले न्हाय, पर पट्टी तुलाच आठवली. खपल्या पुरचुंडीत बांधून अप्पांच्या पागोट्याशेजारी ठेवल्यात. पुढच्या खंडेनवमीला रजा मिळो न मिळो, येच. पहिला लेप तूच लावायचा. फळीवर लाव, पट्टीच्या खाली. नंबर झाकायचा न्हाय.

तुझी,
दाक्षायणी अक्का