शेकोटीच्या चवीची बिस्किटं

१४ जून, शनिवार

पहिला घाणा वाया! बिस्किटं कसली, फरशा झाल्या. बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसानं ओव्हनच्या नादी लागू नये. पण करतो काय? डोरीन जहाजावर. लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या बोटीवर बायको स्वयंपाकीण असली की घरचा स्वयंपाक नवऱ्याच्या गळ्यात. सरोवरावरचं बर्फ फुटलं की ती जाते, ते पुन्हा गोठायला लागेपर्यंत. मध्ये कधी चार दिवस घरी.

लिनेया मार्चपासून व्हीगन. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मधसुद्धा नाही. "पप्पा, गाईंचे काय हाल करतात माहितीय का तुला?" नव्हतं माहीत. तिनं सांगितलं. मग दोन दिवस मलाही चीज घशाखाली उतरेना. मे महिन्यात गहू गेला. पोट फुगतं म्हणाली. बरं, नको गहू. सोळा वर्षांच्या पोरीशी गव्हावरून कोण भांडणार?

पण काल आपण होऊन म्हणाली, "पप्पा, किनाऱ्यावर शेकोटी करायचो तेव्हाचे स्मोअर्स आठवतात?"

आठवतात म्हणजे काय! काडीला मार्शमेलो टोचून जाळावर धरायचा. वरून काळा, आतून नुसता लगदा. चॉकलेटच्या वडीसकट दोन ग्रॅहम बिस्किटांमध्ये दाबायचा. हिची हनुवटी, केस, फ्रॉक — सगळं चिकट. डोरीन तिला तशीच उचलून गार पाण्यात बुचकळायची आणि ही किंचाळायची.

आता त्यातलं एकही तिला चालत नाही. बिस्किटात गहू, चॉकलेटात दूध, मार्शमेलोत म्हणे जनावरांच्या कातड्याहाडांचं जिलेटिन. मी म्हटलं, "तुला चालेल असं बिस्किट करून देतो. तीच चव." बोलून बसलो!

१६ जून, सोमवार

डोरीनचा फोन. जहाज बंदराजवळ आलं की दहा मिनिटं आवाज येतो, मग तुटतो. फरशांची गोष्ट ऐकून हसली. "अंड्याऐवजी जवसाची पूड भिजवून घाल. आणि पीठ कमी मळ रे अर्विड, ते इंजिन नाही." मग विचारलं, "लिनी जेवते ना नीट?"

जेवते म्हणालो. जेवतेच की. म्हणजे ताटावर बसते.

१९ जून, गुरुवार

आजचा दिवस मजेत गेला. काबुली चण्यांच्या डब्यातलं पाणी — जे मी आयुष्यभर मोरीत ओतलं — ते फेटलं की पांढरा फेस उभा राहतो! साखर घातली की थेट मार्शमेलो. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. लिनेया हसून हसून ओट्याला टेकली.

तिला सगळं माहीत असतं. तांदळाचं पीठ किती, साबुदाण्याचं किती, खोबरेल तेल किती. काट्यावर तोलून घेते. "पप्पा, एक चिमूट जास्त झालं. काढ." दिवसभर पाककृती वाचते, बघते, मला ऐकवते. ज्या पोरीला खाण्यात एवढा रस आहे तिची काय काळजी करायची!

भाजलेली गरम गरम दिली तर म्हणाली, "गार झाल्यावर खाते." बशीत दोन घेऊन खोलीत गेली. मुस्ती मागोमाग. हा आमचा काळा कुत्रा तिची सावली आहे नुसती.

बशी रिकामी परत आली. मी शिट्टी वाजवत भांडी घासली.

२२ जून, रविवार

चर्चबाहेर शेजारच्या रूडबाई. "अगंबाई, लिनेया! केवढी सुरेख बारीक झालीस! काय करतेस सांग तरी." लिनेया लाजून हसली. कितीतरी दिवसांनी इतकं हसली.

  घरी येताना मी तिच्याकडे नीट पाहिलं. जूनचं ऊन, लोक बनियनवर, आणि हिच्या अंगात माझा जाड स्वेटर. बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.

"थंडी वाजतेय का गं?"

"तू गाडीकडे लक्ष दे ना पप्पा."

२४ जून, मंगळवार

संध्याकाळचं जेवण — काकडी. बोललो नाही. बोललो असतो तर काकडीही गेली असती.

२९ जून, रविवार

बिस्किट जमलं! कडेला कुरकुरीत, आत मऊ, मधोमध बिनदुधाच्या कडू चॉकलेटचे तुकडे, वर चण्याच्या पाण्याचा मार्शमेलो मशालीनं काळा केलेला. हो, वर्कशॉपमधली लोखंड तापवायची गॅसची मशाल! घरभर धुराचा, जळक्या साखरेचा वास. डोळे मिटले की सरोवराचा किनारा.

हाक मारली. आली. वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या — मी पाहिलं! आणि म्हणाली, "छान झालंय. पण पुढच्या वेळी साखर नको घालूस. आणि तेल अर्धं कर."

मग मी नको ते बोललो. "लिनी, माझ्यासमोर एक घास खा. एकच. माझ्यासाठी."

चेहरा असा बंद झाला, दुकानाचं शटर ओढावं तसा. "तुला माझ्यावर पाळत ठेवायचीय का?" दार आपटून किनाऱ्याकडे गेली. जेवण झालं की जाते तशीच. नाही झालं तरी जाते. मी खिडकीतून बघत बसलो. तरातरा चाललेली, वारा आला की कलणारी.

दीड टनाचं इंजिन मी एकटा साखळीवर चढवतो. हिला एक घास भरवता येत नाही.

१ जुलै, मंगळवार

डोरीनला फोन लावला. आवाज आला आणि गेला. "वय आहे ते, अर्विड, मी पण..." तुटला. पुन्हा लावला. लागला नाही.

४ जुलै, शुक्रवार

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. माझा भाऊ एरो पोरंबाळं घेऊन आला. किनाऱ्यावर शेकोटी केली. लिनेयानं बिस्किटांचा डबा स्वतः सगळ्यांपुढे फिरवला. "घ्या ना काका, अजून एक. पप्पानं केलीयत." एरो म्हणाला, "चण्याचं पाणी? अर्विड, तू बिघडलास पार!" आणि चार खाल्ली लेकानं.

मग तिनं स्वतः दोन घेतली. शेकोटीच्या उजेडात! मी डोळे फिरवले मुद्दाम, तिला वाटू नये की बघतोय. जरा वेळानं पाहिलं तर ती मुस्तीला घेऊन पाण्याकडे निघालेली, डबा काखेत. हात रिकामे!

खाल्ली! डोरीनला सांगायला हवं. खाल्ली गं बाई!

५ जुलै, शनिवार

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी मुस्ती ओट्याखाली थरथरत होता. ओकला. उभं राहायला गेला तर पाय फाकले. छाती अशी धडधडत होती की लांबून दिसत होती. मी त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीत टाकला. लिनेया मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन. 

जनावरांच्या डॉक्टर पेलकीबाईंनी ओकारी बघितली, हुंगली. "चॉकलेट. कडू, बिनदुधाचं. कुत्र्याला ते जास्तच वाईट. भरपूर खाल्लंय यानं. कोणी दिलं?"

मी म्हटलं, "आमच्या घरी कोणी देणार नाही. आम्हाला माहितीय."

"मी दिलं," लिनेया म्हणाली.

भिंतीला टेकून उभी होती. त्या भिंतीइतकीच पांढरी. "मी नेहमी चॉकलेट वेचून टाकते आणि मग देते त्याला. काल अंधार होता. एरोकाकांची पोरं मागे यायला लागली. मी घाई केली... डबा तसाच पुढे केला. पप्पा, मरेल का तो?"

नेहमी. नेहमी वेचून टाकते! माझ्या डोक्यात तो एकच शब्द. सगळ्या रिकाम्या बशा डोळ्यांपुढून गेल्या.

पेलकीबाई मुस्तीला आत घेऊन गेल्या. बाकावर आम्ही दोघं. मला रागावता येईना, रडता येईना. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "नव्हती खायची तर फेकायचीस. सरोवर काय लांब होतं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच वेडा.

"तू केली होतीस ना. कशी फेकणार?"

६ जुलै, रविवार

मुस्ती वाचला. घरी आणला. पेलकीबाई मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. दारापाशी हळूच म्हणाल्या, "अर्विड, कुत्रा ठीक आहे. मुलीला डॉक्टरकडे ने. उद्याच ने. मी जनावरांची डॉक्टर आहे, पण डोळे आहेत मला."

७ जुलै, सोमवार

गावातल्या डॉक्टरांनी स्वेटर काढायला सांगितला. मी कपाट धरून उभा राहिलो. माझ्या पोरीचे हात! कधी झालं हे? एका घरात, एका टेबलावर, माझ्या नाकासमोर!

नाडी फार मंद. हृदयाचा आलेख काढला. दोनदा काढला. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, यात हट्ट नाही, नखरा नाही. हा आजार आहे. गहू नाही, दूध नाही, साखर नाही — प्रत्येक नियमाच्या आड तो लपून बसला होता. शहरातल्या इस्पितळात दाखल करावं लागेल. तिथे जागा मिळाली की लगेच.

"मग मी घरी काय करू तोवर?"

"तिच्याजवळ बसा."

"आणि?"

ते इस्पितळाला फोन लावायला आत गेले.

८ जुलै, मंगळवार

डोरीन आली. काल जहाजाच्या कंपनीमार्फत निरोप पाठवला होता; पुढच्या बंदराला जहाज लागलं तशी उतरली, सामानाची पिशवीसुद्धा कोणी मागून आणून दिली. आल्या आल्या लिनेयाला जवळ घेतलं. घेतलं आणि तिचे हात पाठीवर थांबले. बोटांनीच कळलं तिला.

नंतर वर्कशॉपमध्ये आली. मला वाटलं आता बरसणार. बरसायलाच हवी होती. जुन्या मोटरवर बसली आणि म्हणाली, "वीस दांडगट माणसांना तीन वेळा जेवायला घालते रे मी. ताटात काही टाकलं तर ओरडते त्यांच्यावर. आणि माझीच पोर..."

 मी पाना हातात धरून उभा. काय घट्ट करायचं होतं त्यानं?

१० जुलै, गुरुवार

इस्पितळात ठेवून आलो. गाडी चालवत दिवस गेला. सगळा रस्ता ती खिडकीकडे तोंड करून. दारात नर्सनं तिची पिशवी घेतली तेव्हा फुटली.

"मम्मी, मी खाईन! घरी खाईन, शप्पथ! पप्पा, सांग ना त्यांना! तू मला इथे सोडून जाणार? कुत्र्याला वाचवलंस आणि मला टाकतोयस?"

नर्स बिचारी तरुण. म्हणाली, "हे ती बोलत नाहीये, काका. आजार बोलतोय." असेल. पण आवाज तिचाच होता.

सही केली. डोरीन तिथेच खोली घेऊन राहिली. मी परत निघालो. वाटेत गाडी कडेला घेऊन थांबलो. किती वेळ, माहीत नाही.

१३ जुलै, रविवार

चर्चला गेलो नाही. रूडबाई भेटल्या असत्या.

१७ जुलै, गुरुवार

डोरीनचा फोन. नाकातून नळी घातली. लिनेयानं एकदा उपटली. पुन्हा घातली.

मी इंजिन उघडून बसलो होतो. सगळे भाग पसरलेले. एकाही भागाचं नाव आठवेना.

२० जुलै, रविवार

भेटायला गेलो. अर्धा तास दिला. ती डोरीनशी दोन शब्द बोलली. माझ्याशी नाही. मी मुस्तीचा फोटो दाखवला, तर भिंतीकडे वळली. निघताना डोक्यावरून हात फिरवला. फिरवू दिला.

नर्सला विचारलं, "मी काही करून आणू का तिला? मला बिस्किटं येतात आता." ती म्हणाली, "नको. इथे जेवण आम्ही देतो. तुम्ही फक्त येत राहा." फक्त! हातांना काहीतरी द्या हो. नुसतं येणं मला जमत नाही.

२५ जुलै, शुक्रवार

नळी काढली म्हणे. थाळीसमोर बसते. रडत खाते. अर्धा तास, पाऊण तास, एका उकडलेल्या बटाट्यावर. डोरीन म्हणाली, "मी दाराबाहेर उभी असते, अर्विड. ऐकत." 

२८ जुलै, सोमवार

एरो आला होता. म्हणाला, "होईल रे सगळं ठीक." मी म्हटलं, "तुला काय माहीत?" उठून गेला. चुकलं माझं. पण त्याला खरंच काय माहीत?

२ ऑगस्ट, शनिवार

आत्ता फोन आला. डोरीनचा नाही, तिचा. नुसते हुंदके. मी लिनी लिनी करत राहिलो. मग म्हणाली —

"पप्पा, मला भूक लागलीय. कधीची. जेवले तरी लागलीय. थांबतच नाहीये. मला खूप भीती वाटतेय."

मी तिथेच जमिनीवर बसलो. म्हटलं, "लागू दे बाळा. लागू दे."