अर्धा तास

ताई,

तुझी मांजर अडली आहे. अर्धा तास कळा देऊनही पिल्लू आलं नाही तर थेट दवाखाना, असं तू घर सोडताना फ्रिजवर लिहून ठेवलं होतंस. तुझं ऐकायचंच नाही म्हणून मी तो कागद फाडला आणि आज तीन तास नुसती बघत बसले. मग हिरवट पाणी जायला लागलं. ते टॉवेलने पुसून तिला घेऊन दवाखान्यात पळत आले.

डॉक्टरांनी विचारलं, "कळा कधीपासून?"

लाजेने तोंडातून निघालं, "अर्धा तास."

"मग थोडी वाट बघू."

ते आत तिच्याजवळ वाट बघताहेत, ताई. ती आता ओरडतही नाही. हिरवा डाग पडलेला तो टॉवेल माझ्या मांडीवर आहे. तुला लिहून काय होणार? हा टॉवेल डॉक्टरांना दाखवून खरं सांगायला आत जाते.

तुझी खोटारडी धाकटी